चार खेळांचा एकच आठवडा

आमच्याकडे कापूस फुटायला लागला की तिकडे अमेरिकेत चार खेळ एकदम अंगावर येतात. हे ज्ञान मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही आणि मिळवायची हौसही नव्हती. काल शेतातून पहिल्या वेचणीचा कापूस आला, मधल्या खोलीत टाकला, आणि गंजी लावता लावता दोन्ही हातांना खाज सुटली. तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, झालं. त्यांचा तो दांडू-चेंडूचा खेळ, बेसबॉल, आता संपत आला असणार, बास्केटबॉल सुरू झाला असणार, बर्फावरची हॉकी रंगात आली असणार, आणि फुटबॉलवाल्यांचे गुडघे फुटायला लागले असणार. साठी उलटलेली बाई मी, जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, दारव्हा सोडून फार कुठे गेले नाही. माझ्या डोक्यात हे काय भरून ठेवलंय आणि कशासाठी, देव जाणे.

कापसाच्या खोलीला एक वास असतो. उन्हाचा, धुळीचा, थोडा तेलकट, सरकीचा. खोलीत शिरलं की एकदम ऊब लागते आणि आवाज बंद होतात. बाहेर कोणी कितीही ओरडो, गंजीच्या आड काही ऐकू येत नाही. मागच्या हिवाळ्यात मी पुष्कळदा त्या खोलीत जाऊन नुसती उभी राहायची. कोणी विचारलं तर सांगायची, उंदीर पाहून राह्यली. एकही उंदीर पाहिला नाही. जरा वेळ कोणाशी बोलायचं नव्हतं, एवढंच.

पंकज आमचा एकुलता एक. तिकडे एका बर्फाच्या गावात जाऊन त्याला बरीच वर्षं झाली. सुरुवातीचे फोन मला आठवतात. ‘जेवला का?’ ‘हो.’ ‘थंडी हाय का?’ ‘हाय.’ ‘बरं, आईले देतो.’ मग हे माझ्या हातात फोन देत आणि मीही तेच विचारी, जेवला का, थंडी आहे का. बापलेकांत भांडण नव्हतं, हे आधीच सांगते. भांडण असतं तर बरं झालं असतं, बोलायला विषय तरी मिळाला असता. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं आणि दोघांनाही ते कुठे ठेवायचं हे समजत नव्हतं. आमच्याकडच्या पुष्कळ घरांत हेच आहे. बाप लेकाला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडायला जातो, गाडी सुटेपर्यंत उभा राहतो, आणि शेवटी म्हणतो काय, तर ‘तिकीट नीट ठेव.’

मग एका रविवारी यांनी सहज विचारलं, “का करून राह्यला?”

“मॅच पाहून राह्यलो बाबा.”

“कायची?”

“फुटबॉलची. पन आपल्यासारखी नाही. इथली वेगळी असते.”

“वेगळी म्हनजे कशी? सांग बरं.”

तिथून सुरू झालं. हे तरुणपणी कबड्डी खेळले, पुढे पंच झाले. तालुक्यातले सामने, जत्रेतले सामने, शाळांचे सामने, यांची शिट्टी वाजली की कोणी हुज्जत घालत नसे. नियम म्हटला की यांच्या चेहऱ्यावर रंग चढायचा. पंकजनं सांगितलं की चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही सरकलं तर चेंडू समोरच्यांचा. हे बाजेवर ताठ बसले. “अरे हे तं आपलंच होय लेका! पुढं घुस, नाई तं मर. फक्त दम धरायचा नाई, एवढाच फरक. आनि पंच किती?”

“सात असतात बाबा.”

“सात! बाप्पा! सात पंच, आनि तरी भांडनं?”

“तरी भांडणं.”

हे इतके हसले की ठसका लागला. तिकडे पंकजही हसत होता. मी स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होते, आणि खरं सांगते, त्या दोघांना एकत्र हसताना मी तोपर्यंत ऐकलंच नव्हतं. पोहे जरा करपले त्या दिवशी. कोणी काही म्हटलं नाही.

मग दर रविवारी सकाळी, आमच्या चहाच्या वेळेला, त्याच्या शनिवारच्या रात्रीच्या जेवणानंतर, आठवड्याची बातमी. नुसता फुटबॉल नाही, चारही खेळ. फोन बाजेवर उताणा ठेवायचा, आवाज मोठा करायचा. आणि हळूहळू आमच्या गल्लीच्या टोकावरचे रफिकभाईसुद्धा यायला लागले. त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी दुकान उशिरा उघडायचं, धुतलेला शर्ट घालायचा आणि आपला चहा घरूनच कपात घेऊन यायचं, कारण माझ्या चहात त्यांच्या मते साखर नसते. बास्केटबॉल त्यांचा. शाळेच्या मैदानात कधीकाळी एक लोखंडी कडं होतं आणि त्यात आपण रोज चेंडू टाकत होतो असं ते सांगतात. हे म्हणायचे, “कडं होतं हे खरं. चेंडू कधी होता बे?” यावर दोघांची दर आठवड्याला एकदा लागायची.

खेळाडूंची नावं या दोघांना घेता येत नसत, म्हणून बारसं झालं. फुटबॉलमधला मानेपर्यंत केस वाढवलेला तो केसाळ्या. बास्केटबॉलमधला सगळ्यांत उंच तो मनोरा. दांडू-चेंडूत डाव्या हातानं चेंडू फेकणारा तो डावखुरा. पंकजही तेच म्हणायला लागला. “बाबा, केसाळ्या काल काय पळाला!” कोणाचा गुडघा मुरगळला की रफिकभाई लगेच निदान करत, “क्लचप्लेट गेली भाऊ त्याची. आता इंजिन कितीबी चांगलं असो, गाडी उचलत नाई.” हॉकीत कोणी दांडगाई केली तर त्याला काचेच्या खोलीत नेऊन बसवतात, बाकीचे खेळत राहतात आणि तो आतून पाहत बसतो. हे मात्र मला आवडलं. अशी एक खोली माझ्या वर्गाला जोडून असती तर माझा घसा आज शाबूत असता.

एकदा मात्र हे खरोखर दुखावले. त्या डावखुऱ्याला त्याच्या संघानं दुसऱ्या गावच्या संघाला देऊन टाकलं आणि त्याच्या बदल्यात दुसरे दोघं घेतले. पंकजनं हे पावसाची बातमी सांगावी तसं सांगितलं.

“त्याले इचारलं का?” यांनी विचारलं.

“नाही बाबा. विचारत नाहीत. कधी कधी टीव्हीवर पाहून समजते त्यालाच.”

“बैलाले बी कोनी इचारत नाई. पन घरून काढतानी आपन कुंकू लावतो, पुरनाची पोळी चारतो, दावं काढून ठेवतो.” आमच्याकडे बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं कोणी विकत नाही. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. जुनं दावं घरात राहतं, म्हणजे जनावर गेलं तरी त्याचा पायगुण घरात राहिला असं समजतात. “त्याचं काय ठेवून घेतलं त्याहिनं?”

पंकज म्हणाला, “त्याचा नंबरचा शर्ट दुकानात विकतात बाबा. अजून विकून राह्यले असतील.”

“विकून राह्यले! म्हनजे दावं बी विकलं!” हे म्हणाले. दिवसभर त्यांचं कशातच लक्ष लागलं नाही. आयुष्यात कधी पाहिला नाही, पाहणार नाही असा तो माणूस, आणि हे संध्याकाळी जेवताना म्हणतात, “बायको-पोरं घेऊन कुठं जाईन तो आता, थंडीचा?” मी म्हटलं, तुम्ही वाढू द्या मला आधी. पण तो प्रश्न त्यांनी नुसता डावखुऱ्यासाठी विचारला नव्हता, एवढं मला कळत होतं.

हे सगळं मागच्याच्या मागच्या साली. आता मागचा हिवाळा.

वेचणी सुरू करायच्या दिवशी आमच्या भागात सीतादही करतात. शेतात एका कडेला पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा, पहिला कापूस देवीपुढे ठेवायचा, मग बायका पदराच्या ओट्या बांधून ओळीनं शिरतात. दरवर्षी हे स्वतः खडे मांडायचे. त्या दिवशी खडे मांडले, हात जोडले, उठले, धोतर झटकलं, आणि समोरच्या पांढऱ्या शेताकडे पाहत मला म्हणाले, “कापूस चांगला आला व याचा. कोनाचं होय हे वावर?”

वेचणीच्या बाया खळखळून हसल्या. मालक गंमत करतात असं त्यांना वाटलं. मीही हसले. हसायलाच पाहिजे होतं तेव्हा. पण यांचा चेहरा गंमत केल्याचा नव्हता. बायका हसल्या म्हणून हेही हसले, जरा उशिरा. दहीभात माझ्या हातात तसाच राहिला.

मग यवतमाळ. डॉक्टर, फोटो, पुन्हा डॉक्टर. त्या तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेऊन नीट समजावून सांगितलं. हा विसराळूपणा नाही, आजार आहे. वाढत जाईल. जुनं जास्त दिवस टिकेल, नवं टिकणार नाही. येताना गाडीत हे खिडकीजवळ बसले होते. अर्धा रस्ता बाहेरची वावरं पाहत राहिले. मग एकदम लख्ख बोलले, जसे पूर्वी बोलत तसे.

“पंकजले सांगू नको.”

“अहो, त्याले सांगा नाई लागन का?”

“सांगशीन तं तो खेळाचं बोलनं बंद करन. मंग दर आयतवारी काय? गोळी घेतली का बाबा, झोप लागली का बाबा. मी पेशंट होईन अन् तो डॉक्टर. आत्ता कसे आमी दोघं बोलतो. तेवढं राहू दे व.”

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? तेवढं राहू दे म्हणणाऱ्या माणसाजवळ फार काही उरलेलं नसतं.

मग ते रविवार वाचवणं माझ्याकडे आलं, आणि रफिकभाईंकडे. त्यांना सांगावंच लागलं. ऐकून ते बराच वेळ कानशिलं दाबत बसले, मग म्हणाले, “भाभी, फिकीर नको करू. परीक्षेची तयारी करून घेतो भाऊची.” आणि खरंच घ्यायला लागले. शनिवारी दुकान बंद केलं की हात धुवून यायचे, मोबाईलवर त्या आठवड्याचे सामने लावायचे, यांना दाखवायचे. कोण जिंकलं, कोण पडलं, कोणाचं हाड मोडलं. रविवारी फोनच्या आधी पुन्हा एकदा उजळणी. पुष्कळदा रफिकभाईंनाच नीट समजलेलं नसायचं. एकदा तर जिंकलेल्याला हरलेला आणि हरलेल्याला जिंकलेला करून ठेवलं होतं. मी शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसायची. कान तिकडे. फोन सुरू झाला की माझे हात थांबायचे. हे अडखळले तर रफिकभाई खाकरायचे आणि हळूच एक शब्द सोडायचे. मी शाळेत कॉपी करणारी किती मुलं पकडली असतील. आता आपल्याच अंगणात, आपल्याच नवऱ्यासाठी, तेच.

वरून सांगते तितकं हे गोड नव्हतं. रविवारचा तो अर्धा तास सोडला तर बाकी आठवडाही होता. पेपर एकदा वाचून झाला की पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचे आणि प्रत्येक बातमीला नव्यानं चिडायचे. आंघोळ झाली नाही म्हणून भांडायचे, झालेली असायची. आठवडी बाजारातून येताना एकदा दुसऱ्याच्या घरात जाऊन बसले. माझ्यावर ओरडायचे, आणि मीही ओरडायची. का नाही ओरडायची? मी काय दगडाची आहे? मग कापसाच्या खोलीत जाऊन उभी राहायची. लोक म्हणत, बाई, धन्य तुमची. मला त्या धन्यचा इतका कंटाळा आला होता. कोणीतरी म्हणावं, दमलीस ना, जा, झोप दोन तास, मी बसतो यांच्याजवळ. रफिकभाईंच्या बेगमनं एकदा म्हटलं तसं. मी झोपले. उठले तेव्हा अंगावर तिनं घातलेली दुलई होती आणि हे तिच्याशी कबड्डीतल्या पकडीविषयी बोलत होते.

आणि मग तो रविवार. पंकजचा आवाज फुललेला होता. “बाबा, केसाळ्या काल काय पळाला! सगळ्यांना मागं टाकून थेट शेवटच्या रेषेपर्यंत!”

यांनी कपाळाला आठी घातली. शनिवारची आणि सकाळची, दोन्ही उजळण्या नेमक्या या वेळी डोक्यात बसल्या होत्या. “केसाळ्या? काही तरीच सांगतं लेका. त्याचा तं गुडघा फुटला ना! घरी बसला तो. रफिक, सांग बे याले.”

रफिकभाई स्वतःच्या चपलेकडे पाहत होते.

“हो का...” पंकज चाचरला. “हो हो. बरोबर बाबा. मी दुसऱ्याचंच सांगून राह्यलो.”

“पाह्य!” यांनी मांडीवर थाप मारली. “अमेरिकेत राह्यते, अन् मले इथून सांगा लागते!” त्या दिवशी हे इतके खूश होते की दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. गल्लीत जो भेटेल त्याला सांगत होते, पोराची चूक काढली.

रफिकभाईंनी जाताना मला फाटकापाशी थांबवलं. “भाभी, एक गोष्ट हाय. पंकज जे सांगून राह्यला होता ना, ते झालतं. पन मागच्या साली झालतं. आजच नाई, मागच्या तीन-चार आयतवारपासून तो जुनंच सांगून राह्यला. मले वाटे माहीच काही गडबड होते.”

दुसऱ्या दिवशी हे झोपलेले असताना पंकजचा मला फोन आला. मी विचारलं, “तुले कधीपासून मालूम हाय?”

“दसऱ्यापासून आई.” तो म्हणाला. “एकाच फोनवर बाबांनी तीनदा विचारलं, पंच किती असतात म्हणून. तिन्ही वेळा तसेच हसले. मग मी पाहिलं, नवीन काही सांगितलं की ते गोंधळतात, हो हो करतात. जुनं सांगितलं की पुढचं तेच सांगतात. मग मी जुनंच सांगायला लागलो. मला वाटलं तुला माहीत नसेल. तुला कशाला टेन्शन द्यायचं.”

मी रडले. किती दिवसांनी रडले, आणि गंजीच्या आड न जाता रडले. इकडे मी त्याच्यापासून लपवत होते, तिकडे तो माझ्यापासून, आणि मधात रफिकभाई बिचारे नवीन बातम्या पाठ करून घेत होते. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो आत पाय पोटाशी घेऊन शांत झोपला होता.

मग आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. पंकजला एक आठवडा आठवत होता, मागच्याच्या मागच्या सालचा, ज्यात चारही खेळांत त्याच्या गावचे संघ जिंकले होते. असं म्हणे फार क्वचित घडतं. त्या आठवड्यावर बापलेक तेव्हा तासभर बोलले होते आणि यांना तो अजून बऱ्यापैकी आठवत होता. तोच आठवडा सांगायचा. डावखुरा अजून आपल्याच संघात आहे, केसाळ्याचा गुडघा शाबूत आहे, मनोरा चेंडू टाकतोच आहे, हॉकीतला तो दांडगट काचेच्या खोलीत बसला आहे. रफिकभाईंची उजळणी बंद. त्यांना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

तर अख्खा हिवाळा आम्ही त्या एका आठवड्यात राहिलो. तूर फुलली, शेंगा भरल्या, दुसरी वेचणी झाली, तिसरी झाली, कापसाच्या पऱ्हाट्या उपटल्या, उन्हं तापायला लागली, आणि आमच्या अंगणात दर रविवारी तेच चार संघ जिंकत राहिले. हे दर वेळेला मांडीवर थाप मारायचे. मला तो आठवडा तोंडपाठ झाला. पोळी लाटताना मनात केसाळ्या पळायचा. अरे बाबा, एकदा तरी हर, असं मी त्याला म्हणायची. कंटाळा येतो हो जिंकण्याचाही. जग पुढे जात असतं, पेपरमधे रोज नवं काही येत असतं, आणि आपण एका चांगल्या आठवड्याला धरून बसलेले. पण तो सोडवतही नाही. मला वाटतं, पंकजलाही कंटाळा येत असणार. आवाजात कधी दिसला नाही त्याच्या.

मे महिन्यात तो येऊन गेला. यांनी त्याला दारातच ओळखलं, गळ्यात पडले. दोघं बाजारात जाऊन कैऱ्या घेऊन आले, रफिकभाईंच्या दुकानात जाऊन बसले. जायच्या दिवशी पंकजनं मला विचारलं, आई, तू कशी आहेस? मी म्हटलं, थकली रे. त्यानं काही उपदेश केला नाही. माझ्या पायांना तेल लावून दिलं, मला ते फार बरं वाटलं. त्यानं नोकरीतून सुटी काढून दर वर्षी दोन महिने यायचं ठरवलंय. येईल. मधले दहा महिने मात्र माझे आणि त्या फोनचे.

पावसाळ्यात उतरण लागली. नावं गेली. रफिकभाईंना हे आता ‘मास्तर’ म्हणतात, का ते कोणालाच माहीत नाही, आणि रफिकभाई ओ देतात. मला कधी ओळखतात, कधी ‘बाई’ म्हणतात, आणि बाई म्हणतात तेव्हा फार अदबीनं वागतात. लग्न झालं तेव्हासुद्धा इतक्या अदबीनं वागले नव्हते.

आज रविवार. सकाळी फोन वाजला. मी आवाज मोठा करून तो बाजेवर ठेवला आणि चहा आणायला वळले. पंकजनं सुरुवात केली. दांडू-चेंडू झाला, फुटबॉल झाला, केसाळ्या पळाला. हे मन लावून ऐकत होते, मान हलवत होते, मधात ‘वा’ म्हणत होते. बास्केटबॉल झाला. मग यांनी फोनकडे वाकून विचारलं, “साहेब, तुमी कोन बोलून राह्यले?”

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“नाई, तुमी सांगता चांगलं,” हे त्या गप्प राहिलेल्या माणसाला धीर देत म्हणाले. “मन लागते आयकाले. पन एक इनंती हाय. माहा पोरगा बी तिकडंच असते, अमेरिकेत. पंकज नाव हाय त्याचं. दर आयतवारी फोन करते बिचारा, हेच सारं सांगते मले. त्याले वाटते, बाबाले मीच सांगतो. कधी भेट झाली त्याची, तं तुमी आधीच सांगतलं म्हनून सांगू नका बरं. त्याचा फोन आला का मी पहिल्यांदाच आयकून राह्यलो, असं करीन. त्याले बरं वाटते.”

अंगणात चिमण्या बोलत होत्या.

“नाही सांगत, काका,” पंकज म्हणाला. “हॉकीचं राह्यलं. सांगू का?”

“सांगा ना,” हे म्हणाले, आणि फोनजवळ सरकून बसले.